‘सगळे करतात’ म्हणणाऱ्या डॉक्टरसाहेबांना

आदरणीय डॉक्टरसाहेब,



आईच्या ऑपरेशनबद्दल माझी काही तक्रार नाही, हे आधीच लिहून टाकते. अंगणातल्या शेवाळावरून घसरून खुबा मोडलेली, ऐंशीकडे झुकलेली, अंगात रक्त कमी, बीपीची गोळी चालू अशी म्हातारी तुमच्या टेबलावर आली. तुम्ही अर्धा सांधा बदललात आणि दुसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून उभं केलंत. आमच्या आजीच्या काळात खुबा मोडला म्हणजे माणूस अंथरुणावरच संपायचं. तेव्हा हात जोडायचे ते जोडलेच आहेत. हे पत्र ऑपरेशननंतरचं आहे, तुम्ही डिस्चार्ज कार्डावर सही केलीत तिथून पुढचं.

तुमच्या हातात न देता ते छापायला दिलं, याचा राग मानू नका. ओपीडीत आमच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. तेवढ्यात एक्स-रे बघून होतो, गाऱ्हाणं सांगून होत नाही. शिवाय ही गोष्ट एका डॉक्टरची किंवा एका रुग्णालयाची नाही, म्हणून नावं घालत नाही. तुमच्या वाचनात आलंच तर रायरेश्वरावरून ओळखाल.

राउंडला आलात, केसपेपरवर गावाचं नाव वाचलंत आणि तुमचा चेहरा खुलला. ‘आंबवडे? भोरचं ना? अहो, आम्ही दर पावसाळ्यात येतो तुमच्याकडे!’ मग रायरेश्वराची लोखंडी शिडी, वरची सात रंगांची माती, येताना लागणारा आमचा झुलता पूल, नागेश्वराचं देऊळ, सगळं तुम्ही मागच्या शिकाऊ डॉक्टरांना सांगितलंत. आईलाही उभारी आली. ती म्हणाली, ‘आणि समाध्या बघितल्या का? कान्होजी जेध्यांची, जिवा महालांची, शंकराजीपंत सचिवांची?’ तुम्ही हसून म्हणालात, ‘आजी, पुढच्या वेळी नक्की.’ त्या दिवशी आई सबंध दुपार शेजारच्या कॉटवरच्या बाईला सांगत होती, की डॉक्टर आपल्या गावाला येऊन गेलेत.

मला लागलं ते इथेच. आमचा पाऊस तुमच्या अंगावर पडला आहे. भोरच्या पुढचा रस्ता, वाड्यांचे चढ, जुलैतला चिखल तुमच्या बुटांना ठाऊक आहे. आंबवडे म्हणजे नकाशावरचा ठिपका वाटावा असे तुम्ही नाही. तरीही, आजी, तुमचं घर रस्त्यापासून किती आत आहे, संडास घरात की अंगणात, रात्री जवळ कोण असतं, हे तुम्ही विचारलं नाही. तुमच्या हाताखालच्या कुणीही विचारलं नाही. तिथं असेपर्यंत आईची शुगर, बीपी, लघवी, ताप दर काही तासांनी वहीत लिहिला जात होता. ती जिथं जाणार होती त्या जागेबद्दल त्या वहीत एक ओळ नव्हती.

डिस्चार्जच्या दिवशी सकाळी सिस्टर म्हणाल्या, ‘आज घरी सोडणार, तयारी करा.’ कसली तयारी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. फाइल या खिडकीतून त्या खिडकीत फिरत राहिली आणि सही व्हायला संध्याकाळ झाली. तेव्हा मी तुम्हाला विचारलं, ‘सर, घरी गेल्यावर कसं करायचं?’ तुम्ही कार्डावरून मान वर न करता, पण अगदी मायेनं म्हणालात, ‘अहो, सगळे करतात. काळजी करू नका.’

तुम्ही धीर द्यायला म्हणालात हे मला तेव्हाही कळलं. रागावून बोलला असतात तर मी विसरून गेले असते.

हे सगळे कोण, डॉक्टरसाहेब? तुमच्या वॉर्डात रात्री चक्कर मारली असतीत तर दिसले असते. प्रत्येक कॉटच्या खाली चटई टाकून एक बाई झोपलेली. कुणाची सून, कुणाची लेक, कुणाची बायको, एकीची तर जाऊ. पुरुषमाणसं दिवसा येत, मेडिकलमधून औषध आणत, सही करत आणि कामावर जात. दाराजवळच्या कॉटला मात्र एक मुलगा होता, वडिलांचं भांडं लावण्यापासून सगळं तोच करायचा, आणि साऱ्या वॉर्डातल्या बायका त्याच्याकडे कौतुकानं बघायच्या. आमच्याकडे कुणी कौतुकानं बघत नव्हतं. कॉट रिकामी करून हवी होती, तेही मला दिसत होतं. बाहेर पॅसेजमध्ये ट्रॉलीवर दुसरी एक म्हातारी कण्हत पडली होती. तिच्याकडे बघून ‘एक दिवस अजून ठेवा’ म्हणायला माझी जीभ रेटली नाही. तुमचीही अडचण तीच असणार, मला मान्य आहे.

पण मग त्या संध्याकाळी आम्ही काय घेऊन निघालो तेही मान्य करा. एक कार्ड, त्यावर इंग्रजीत औषधं आणि ‘सात दिवसांनी ओपीडी’. एक वॉकर. लघवीची नळी आणि तिची पिशवी. पोटात द्यायची रक्त पातळ करण्याची इंजेक्शनं, ती कशी द्यायची ते एका सिस्टरनी ड्यूटी संपता संपता स्वतःच्या तळहातावर सुई टेकवल्यासारखं करून दाखवलं. आणि फिजिओथेरपीच्या मुलीनं सांगितलेले नियम: खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, कुशीवर वळवताना दोन पायांत उशी ठेवायची. ती मुलगी गुणी होती. तिनंच फक्त विचारलं, ‘कमोड आहे ना?’ मी नाही म्हटल्यावर ती थांबली आणि म्हणाली, ‘मग बघा काहीतरी.’

न्यायला १०८ आली होती, पैसा न घेता, पावसात, वेळेवर. परत सोडणं तिच्या कामात बसत नाही. खासगी अँब्युलन्स केली, साडेचार हजार रुपये. कात्रज, खेड-शिवापूरचा टोलनाका, कापूरहोळचं वळण, भोर, आणि पुढे अंधार. वाडीच्या तोंडाशी ड्रायव्हरनं गाडी थांबवली. पुढे गाडी चढणार नव्हती. दिवसभर लावणीत वाकून पाठी मोडलेली माणसं जेवणावरून उठून आली. प्लास्टिकच्या खुर्चीत आईला बसवलं, चौघांनी खुर्चीचे पाय धरले आणि पाचवा, शेजारचा कॉलेजातला पोरगा, लघवीची पिशवी सलाइनची बाटली धरतात तशी डोक्याच्या वर धरून चालू लागला. बिचाऱ्याला वाटलं वर धरायची असते. ती कमरेच्या खालीच राहिली पाहिजे, नाहीतर लघवी उलटी आत जाते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

तुमच्या डोळ्यांपुढे घर म्हणून काय असतं मला ठाऊक नाही. आमचं असं आहे. दीड वीत उंचीचा उंबरा. त्यावर वॉकर आधी उचलून ठेवायचा म्हटलं तर वॉकर आत आणि आई बाहेर. आत शेणानं सारवलेली जमीन, आषाढात ओल धरलेली, वॉकरची रबरं तिच्यात रुततात. तुमच्या गुळगुळीत पॅसेजमध्ये आई चार पावलं टाकायची, इथं एकसुद्धा टाकेना. झोपायला बाज. ती बुटकी आणि मधे झोळ पडलेली, म्हणजे तुमच्या सगळ्या नियमांना हरताळ. कुणीतरी शाळेतून लाकडी बाक आणून जोडले, त्याखाली विटा लावून उंची केली. संडास अंगणाच्या टोकाला, उकिडवं बसायचा. भाऊ पुण्याहून कमोडची खुर्ची घेऊन येईपर्यंतचे दिवस आम्ही कसे काढले, ते मी इथं लिहीत नाही. आईला ते आवडणार नाही.

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून एअर बेड घ्या, असं कार्डावर होतं. घेतला. त्याचा पंप विजेवर चालतो. भोर तालुक्यात जुलैत लाइट जाते म्हणजे काय, हे ट्रेकला आलेल्या माणसाला गमतीचं वाटत असेल. पंप बंद पडला की गादीतली हवा हळूहळू उतरायची आणि आई बाकाच्या फळ्यांवर टेकायची. मग दोन दोन तासांनी कूस बदलायची, घड्याळ लावून, चार्जिंगच्या बॅटरीच्या उजेडात. घड्याळ लावायचीही गरज पडत नसे. ती हाक मारायचीच.

ते हाका मारणं वेगळंच होतं. घरी आल्यावर दुसऱ्या रात्रीपासून आई भलतंच बोलायला लागली. वडलांना जाऊन कैक वर्षं झाली, तर ‘त्यांना सांगा, बैल सुटलेत’ म्हणून उठू पाहायची. मला ओळखायची नाही. दिवसा बरी, रात्री सुरू. शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, ‘दवाखान्यातनं काही बाहेरचं लागून आलं का बघा. एकदा देवऋषाला दाखवून तर या.’ मी अंगणवाडी सेविका आहे, डॉक्टरसाहेब. बायांना अंगारा-धुपारा सोडा म्हणून सांगण्यात माझी हयात चालली आहे. पण पहाटे तीनला स्वतःची आई ‘तू कोण गं?’ म्हणते, तेव्हा माझाही पाय त्या दिशेला वळू पाहात होता. नंतर भोरच्या डॉक्टरांकडून कळलं, की या वयात मोठ्या ऑपरेशननंतर असा भ्रम बऱ्याच जणांना होतो, जागा बदलली, झोप मोडली, लघवीत जंतू झाले की वाढतो, आणि बहुतेकांचा उतरतो. हे तुम्हाला माहीत होतं. तुमच्यासाठी ही रोजची गोष्ट. कार्डावर एका ओळीची जागा होती.

आणि लघवीत जंतू झालेच होते. थंडी वाजून ताप आला, पिशवीतली लघवी गढूळ. खुर्ची, चौघं जण, जीप, भोर. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, ‘ही नळी अजून का ठेवलीय?’ मी म्हटलं, तुमच्यासारख्या मोठ्या डॉक्टरांनी घातलीय, कधी काढायची ते लिहिलेलं नाही. त्यांनी कार्ड उलटसुलट पाहिलं, काही बोलले नाहीत, आणि नळी काढून टाकली. काढायला चहा निवेल इतकाही वेळ लागला नाही. उभी राहू लागलेल्या पेशंटची नळी ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत काढतात, हे मी आता शिकले आहे. आमच्या भागातल्या उपकेंद्राच्या सिस्टर इंजेक्शनं द्यायला रोज वाट वाकडी करून येत होत्या, त्यांनाही ‘वरच्या डॉक्टरांनी ठेवलीय’ म्हणून हात लावायची छाती झाली नाही. तुम्ही त्यांना एक फोन केला असतात तर? किंवा त्यांच्या नावानं दोन ओळी लिहिल्या असत्यात तर? तुमच्या कार्डावर ‘रेफर्ड बाय’ असा रकाना आहे. पेशंट कुठून आला ते तुम्ही लिहिता. कुणाच्या हाती दिला, याचा रकानाच नाही.

माझ्या कामामुळे मला एक गोष्ट फार डाचते, ती सांगते.

माझ्या अंगणवाडीच्या क्षेत्रात एखादी पोरगी दवाखान्यात बाळंत झाली की २०११ च्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे तिला आणि बाळाला घरी सोडायला सरकारी गाडी मिळते, फुकट. घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाऊन बघतात. बाळाचं वजन, नाळ, अंगाचा गरमपणा, आईला ताप आहे का, दूध येतं का. एखादी भेट चुकली तर वरून विचारणा होते. मी स्वतः महिन्याच्या महिन्याला वजनं घेऊन पोषण ट्रॅकरवर भरते. नाही भरली तर पर्यवेक्षिकाबाईंचा फोन आलाच समजा. आणि हे काही परदेशातून आणलेलं शहाणपण नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची देखभाल केली, बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले, १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि मग सगळ्या देशानं ते उचललं. आमच्या प्रशिक्षणात हे अभिमानानं सांगतात. मीही पुढे सांगते.

म्हणजे दवाखान्यातून घरी गेलेलं नाजूक माणूस पहिल्या काही आठवड्यांत दगावू शकतं, त्याच्या दारात कुणीतरी जायला हवं, हे महाराष्ट्राला चांगलं ठाऊक आहे. माणूस अडीच किलोचं असलं तर. चाळीस किलोचं असलं तर ‘सगळे करतात’.

कागदावर म्हाताऱ्यांसाठी काही नाही असंही नाही. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी भेटी देणं त्यात लिहिलेलं आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं मुलांवर आईबापांना सांभाळायची सक्ती केली, सरकारी दवाखान्यात म्हाताऱ्यांना शक्यतो खाट द्या, वेगळी रांग लावा म्हणून सांगितलं. रांगेपर्यंत कायदा आला. खाटेपर्यंत आला. खाटेवरून उतरल्यावर तो थेट मुलांच्या घरात जाऊन दम देतो, मधल्या वाटेवर त्याचा पत्ता नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत तीन हजार रुपये मिळतात आणि त्यात काय घेता येईल त्या यादीत कमोडची खुर्ची आणि वॉकर दोन्ही आहेत. २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे फॉर्म भरता भरता आमच्यातल्या सेविकांची बोटं झिजली, त्याच हातांनी वयोश्रीचे चार फॉर्म अजून भरले असते. पण खुबा मोडलेल्या बाईला ती खुर्ची कार्डावर सही व्हायच्या आत हवी असते. नंतर खात्यात पडणाऱ्या पैशावर ती बसू शकत नाही.

आता तुमच्या रुग्णालयातल्या ज्या योजनेत आईचं ऑपरेशन झालं तिचं ऐका. महात्मा फुले जन आरोग्य योजना. तिच्यात आमचा ऑपरेशनचा खर्च वाचला, हे शंभर वेळा कबूल. पण पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावा आणि औषधं बसतात, हे मला कुणी सांगितलं नाही, इंजेक्शनांचे पैसे मी मेडिकलमध्ये मोजले. आणि त्याच पॅकेजमध्ये रुग्णालयातून घरी जायचं एकवेळचं भाडं धरलेलं असतं. किती? एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं. खुब्याचा सांधा बदललेली बाई स्वारगेटला जाऊन भोर गाडीच्या पायऱ्या चढणार, असं कुणीतरी शांतपणे बसून ठरवलं आहे. त्यातही आईचं वय पंच्याहत्तरच्या वर. २०२२ पासून एसटी तिला तशीही फुकट. म्हणजे तिला घरी पोचवायला सरकारनं ठरवलेली रक्कम शून्य रुपये. हिशोब करताना मला हसू आलं, खोटं कशाला सांगू.

तुमच्या वॉर्डात रात्रपाळीला एक मल्याळी सिस्टर होत्या. तोडकंमोडकं मराठी बोलायच्या, पण आईशी त्यांचं जमलं होतं. मी एकदा त्यांना तोच प्रश्न विचारला, घरी कसं करायचं. त्यांनी आधी उत्तर दिलं नाही. मग म्हणाल्या, ‘आमच्या गावाला पंचायतीची नर्स येते.’ मला वाटलं त्या उगाच आपल्या मुलखाचं मोठेपण सांगतात. पण ते खरं आहे. १९९३ मध्ये कोळिकोडला काही डॉक्टरांनी मरणपंथाच्या रोग्यांसाठी छोटं केंद्र काढलं, त्यातून गावोगावचे लोक वर्गणी आणि वेळ देऊन जोडले गेले, २००८ मध्ये केरळ सरकारनं त्याचं धोरण केलं आणि आता पंचायतीची नर्स पिशवी घेऊन अंथरुणावरच्या माणसाच्या घरी जाते. नळी बदलते, जखम धुते, घरच्या बाईला शिकवते. त्यांच्या पिशवीत काही सोन्याची औषधं नसतात. आमच्या उपकेंद्राच्या सिस्टरकडेही ते सगळं असतं. त्यांना फक्त आमच्या आईचं नाव रुग्णालयातून कुणी कळवलेलं नसतं.

तुम्ही म्हणाल, मुलगा कुठे होता? सगळेच म्हणतात, तुम्हीही म्हणा. भाऊ धनकवडीला राहतो, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तो आणि वहिनी दोघंही नोकरीला. कमोडची खुर्ची, एअर बेड, अँब्युलन्स, सगळा पैसा त्याचा. आई त्याच्याकडे जायला तयार नव्हती आणि त्या जिन्यावरून तिला नेलं असतं कसं, ते मला अजून कळत नाही. घरी सांभाळायला बाई पाठवणाऱ्या पुण्यातल्या ब्यूरोंना फोन केले. पगाराचा आकडा ऐकून गप्प बसावं लागलं ते वेगळंच, पण एकीनं आधी विचारलं, ‘तिकडे मोबाइलला रेंज आहे का?’ आणि दुसरीनं सांगितलं, भोरच्या पुढे आमच्या मावश्या जात नाहीत. मग मी सासरहून उठून माहेरी आले. अंगणवाडी मदतनीसताईंच्या भरवशावर टाकली, माझ्या घरी माझी मुलगी भाकऱ्या थापायला शिकली. गावात चार तोंडं बोलली, की मुलगा असून लेकीच्या हातून करून घेते. बोलू देत. या गोष्टी तुमच्या कार्डावर यायला हव्या होत्या असं मी म्हणत नाही. पण तुम्ही माझ्या हातात कार्ड देताना ‘पेशंटबरोबर कोण राहणार?’ एवढं विचारलं असतंत, तर मी हे सगळं तुम्हाला सांगितलं असतं, आणि तुम्ही वाईट माणूस नाही आहात, तुम्ही आजची सही उद्यावर ढकलली असतीत. नाहीतर निदान नळी काढूनच पाठवलं असतंत.

तुमच्या वॉर्डाच्या भिंतीवर रुग्णहक्कांचा तक्ता लावलेला आहे. फाइल फिरत होती तेव्हा मी तो पूर्ण वाचला, दुसरं काम नव्हतं. बिलासाठी रुग्णाला अडवून ठेवता येणार नाही, डिस्चार्ज हा त्याचा हक्क आहे, असं त्यात आहे. फार चांगली गोष्ट. कित्येक गरिबांना पैशासाठी अडवून ठेवलं असेल तेव्हा कुठं हे लिहिलं गेलं. आमची अडचण उलटी होती. आम्हाला कुणी अडवत नव्हतं.

मी मागते ते फार नाही. नवं पद, नवी इमारत नको. आदल्या दिवशी सांगा की उद्या सोडणार, म्हणजे दिवसाउजेडी पोचता येईल आणि खुर्ची, विटा, माणसं आधी जमवता येतील. घरच्या बाईकडून तुमच्या देखत एकदा कूस बदलून घ्या, एक इंजेक्शन तिच्या हातून देववा, चुकली तर तिथंच चुकू दे. कार्डाच्या मागची बाजू कोरी असते. तिथं मराठीत लिहा की नळी कधी काढायची, पिशवी कुठं धरायची, रात्री भलतंच बोलली तर घाबरायचं का, आणि कोणत्या लक्षणाला थेट गाडी करायची. आणि पेशंट ज्या गावी चालला त्या आरोग्य केंद्राला फोन करा. हे करायला डॉक्टरच हवा असंही नाही, ती फिजिओथेरपीची मुलगी करेल. तिला फक्त कुणीतरी सांगायला हवं की हे तुझं काम आहे, त्याला वेळ दे. त्या ट्रॉलीवरच्या म्हातारीला कॉट अर्धा तास उशिरा मिळेल, हे मला कळतं. पण तीही काही दिवसांनी त्याच दारानं बाहेर पडणार आहे, आणि तिच्याबरोबर आलेल्या सुनेच्या कडेवर तान्हं मूल होतं.

आई आता वॉकर धरून पडवीपर्यंत येते. उंबऱ्याला भावानं सिमेंटचा उतार करून घेतला आहे. भ्रम उतरला. त्या दिवसांतलं तिला काही आठवत नाही आणि आम्ही सांगत नाही. पाठीवर एक जखम झाली होती, ती भरत आली आहे. तुमची चौकशी करते. ‘ते डॉक्टर येणार होते ना समाध्या बघायला?’ म्हणते. तुम्ही या, डॉक्टरसाहेब, तिला खरंच आवडेल. इंद्रायणीचा भात आणि कुळथाचं पिठलं खाऊन जा. पण वर रायरेश्वराला जायच्या आधी आमच्या घरी या, आणि वाडीच्या तोंडापासून चालत या.

आपली नम्र,
चौदा नंबरच्या कॉटची मुलगी
आंबवडे, ता. भोर, जि. पुणे

ता. क. – कार्डावर ‘सात दिवसांनी ओपीडी’ लिहिलं होतं, वार लिहिला नव्हता. सातवा दिवस तुमच्या ओपीडीचा नव्हता. हे आम्हाला पुण्यात पोचल्यावर, आईला गाडीतून उतरवल्यानंतर, खिडकीवर कळलं. एवढं तरी उद्यापासून करा. वार लिहा.